भीती वाटते ना?

मी नगरमधील एका उर्दू शाळेत शिक्षक आहे. आमच्या शहराचे नाव पूर्वी अहमदनगर होते. २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले. पण एसटीत तिकीट काढताना आजही आम्ही "एक नगर" एवढेच म्हणतो. मी विज्ञान आणि मराठी हे दोन विषय शिकवतो. त्यामुळे हृदयाची आकृती मला दरवर्षी फळ्यावर काढावी लागते. चार कप्पे, चार झडपा. लाल खडूने शुद्ध रक्त, निळ्या खडूने अशुद्ध रक्त. "झडपांचे काम काय?" असे विचारले, की मुले एका सुरात सांगतात, "रक्त मागे जाऊ न देणे!" उत्तर बरोबर असते. मी शाबासकी देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

परंतु त्याच चार झडपांपैकी एक झडप माझ्या सख्ख्या बहिणीच्या हृदयात कित्येक वर्षे बिघडलेली होती, आणि विज्ञान शिकवणाऱ्या मला त्याचा पत्ताही नव्हता.

ही माझी आपा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमची अम्मी घरी विड्या वळत असे. पाने कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा; तिला मान वर करायला सवड नसे. मला न्हाऊ घालणे, जेवू घालणे, कडेवर घेऊन गल्लीत फिरवणे, हे सारे आपानेच केले. शाळेच्या पहिल्या दिवशीही मी तिचेच बोट धरून गेलो होतो.

आपा बारा वर्षांची असताना तिचा घसा दुखून तिला ताप आला होता. घसा चार दिवसांत बरा झाला. पण दोन-तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा सुजला. घोटा उतरला तर मनगट दुखू लागले. शेजारच्या बायका म्हणाल्या, "वाढत्या वयात असे होतच असते." अब्बांनी दुखण्याच्या गोळ्या आणल्या. महिनाभरात आपा उठून कामाला लागली आणि घरातले सगळे ती गोष्ट विसरून गेले. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. हे सारे मला पुढे अम्मीकडून समजले.

आपाचे सासर नेवासे तालुक्यातील एका खेड्यात आहे. दुल्हाभाईंची थोडी शेती आहे, विहीर आहे. २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत आपा माहेरी आली. आमच्या घराच्या सोळा पायऱ्या चढताना ती दोनदा बसली. रात्री तिला आडवे झोपवेना. दोन उश्या पाठीशी घेऊन ती बसूनच झोपू लागली. "थंडीमुळे होत असेल," ती म्हणाली. मी ऐकले नाही. तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ नुसतेच ऐकत राहिले. मग 'टू-डी इको' नावाची तपासणी झाली. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितले, "डाव्या बाजूची झडप आकसली आहे. तिला मिट्रल झडप म्हणतात. ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही. बदलावी लागेल."

मूळ कारण होते ते लहानपणीचे घसादुखीचे दुखणे. घसा दुखण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक म्हणजे स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू. शरीर या जंतूंशी लढते. पण काही मुलांच्या बाबतीत ही लढाई भलतीकडेच वळते आणि शरीर स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर हल्ला करते. याला रूमॅटिक ताप म्हणतात. सांधे काही दिवसांत बरे होतात. हृदयाच्या झडपेला झालेली इजा मात्र पुष्कळदा मागे राहते. झडप हळूहळू जाड होते, आकसते. माणसाला ते कळायला दहा-वीस वर्षे जातात. वेळीच डॉक्टरांना घसा दाखवून पेनिसिलिनसारखे औषध पूर्ण घेतले, तर हे सारे टळू शकते. आपाच्या बाबतीत ते टळले नाही.

ऑपरेशन ठरले. पुण्याच्या रुग्णालयातली जानेवारी महिन्यातली तारीख मिळाली. बातमी पसरली आणि आपाला धीर द्यायला माणसे येऊ लागली. एकजण म्हणाले, "हल्ली ही ऑपरेशने अगदी सोपी झाली आहेत. काही होत नाही." दुसऱ्या एका बाईंनी त्यांच्या ओळखीतल्या कुणाची तरी हकीकत सांगितली. तो माणूस म्हणे ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही. आपाचा चेहरा पाहून त्या घाईघाईने म्हणाल्या, "पण तुमचे तसे काही व्हायचे नाही हो!" तिसऱ्यांनी झाडपाल्याचा उपाय सांगितला आणि ऑपरेशन नकोच म्हणाले. सगळे मायेने येत होते. चहा पिऊन, समाधानाने परत जात होते. आपा मात्र दिवसेंदिवस गप्प होत होती.

मीही त्यांतलाच एक होतो. तपासणीचे कागद मी कपाटात ठेवले होते. डॉक्टरांशी बोलायचे ते दाराबाहेर जाऊन बोलत होतो. आपाने काही विचारले, की हसून म्हणायचो, "तू कशाला काळजी करतेस? काही होणार नाही." हळूहळू तिने विचारणेच सोडून दिले. मला वाटले, तिला धीर आला.

एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा आपा दिव्याखाली बसून शिवण करत होती. समोर तिच्या मुलीचे कपडे होते. तिची मुलगी, माझी भाची, तेव्हा नऊ वर्षांची होती. आपाने गणवेशाची बटणे पक्की केली होती. ईदच्या नव्या कपड्यांना तिने खाली आत दुमड घातली होती. मला म्हणाली, "ही दुमड दोन बोटांची आहे. पुढच्या वर्षी ती उंच होईल, तेव्हा उसवायची. तुझ्या बायकोला सांगून ठेव."

माझ्या पोटात खड्डा पडला. मी म्हणालो, "आपा, असे का बोलतेस? काही होणार नाही."

तिने सुई खाली ठेवली. "मास्तर," ती म्हणाली. मला नोकरी लागल्यापासून ती मला मास्तर म्हणते. "वर्गात एखाद्या मुलाला गणित समजले नाही, तर तू त्याला 'काही होत नाही' म्हणून खाली बसवतोस का? समजावून सांगतोस ना? मग मला का नाही सांगत? सगळे मला धीर देतात, पण माझ्या छातीत काय करणार आहेत, हे कुणीच सांगत नाही. ते म्हणे हृदय थांबवतात. खरे आहे का? आणि खरे असेल, तर तेवढा वेळ मी कुठे असेन?"

मला उत्तर सुचले नाही. मी बी.एड. झालो होतो. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे अध्यापनाचे सूत्र मी परीक्षेत लिहिले होते. विद्यार्थ्याची शंका टाळू नये, असेही लिहिले होते. आणि घरातल्याच माणसाची शंका मी महिनाभर टाळत आलो होतो. माझ्या लक्षात आले, की 'काही होणार नाही' हे वाक्य मी तिच्यासाठी बोलतच नव्हतो. माझी भीती मला दिसू नये म्हणून बोलत होतो.

मी वही-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "तुमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला खाली काय असते?"

"फूटव्हॉल्व्ह," ती म्हणाली. शेतकऱ्याची बायको ती. तिला ते ठाऊकच होते. "पाणी वर चढते, पण मागे पडत नाही."

"आणि त्याच्यात गाळ बसला, शेवाळ बसले, तर?"

"मग तो नीट उघडत नाही. मोटार नुसती ओरडते, पाणी बारीक येते."

"तुझ्या हृदयाचे तसेच झाले आहे. निरोगी माणसाच्या या झडपेची वाट चार ते सहा चौरस सेंटीमीटर असते. तुझी एकवर आली आहे. रक्ताला पुढे जायला जागा नाही, म्हणून ते मागे फुप्फुसात तुंबते. म्हणून तुला दम लागतो. ही झडप काढून तिथे नवी बसवायची आहे."

मग मी तिला सारे सांगितले. छातीचे मधले हाड कापतात आणि नंतर तारांनी जोडतात. हृदय थोडा वेळ थांबवतात, हेही खरे. पण तेवढा वेळ एक यंत्र हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम करते. रक्तात प्राणवायू मिसळून ते अंगभर फिरवते. असे यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५३ साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी केली. त्यानंतर सात वर्षांनी, १९६० मध्ये, डॉ. अल्बर्ट स्टार यांनी रुग्णाच्या हृदयात कृत्रिम मिट्रल झडप यशस्वीपणे बसवली. ती झडप तयार करणारे लोवेल एडवर्ड्स हे डॉक्टर नव्हतेच. ते पंपांची कामे केलेले निवृत्त इंजिनीअर होते.

आपा पहिल्यांदाच हसली. "म्हणजे मोटारीच्या माणसानेच हे काम केले म्हण की!"

"आपल्या देशातही झाले," मी म्हणालो. "केरळात तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्था आहे. तिथे डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वस्त भारतीय झडप बनवायचे मनावर घेतले. पहिले तीन नमुने फसले. चौथा साधला. १९९० च्या डिसेंबरात ती झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली."

"तीनदा फसले, तरी थांबले नाहीत," आपा स्वतःशीच म्हणाली. मग तिने खरा प्रश्न विचारला, "यातून सगळे बरे होतात का?"

मला पुन्हा 'हो' म्हणावेसे वाटले. पण मी म्हणालो, "बहुतेक सगळे होतात. सगळेच होतात, असे मात्र नाही. ऑपरेशन केले नाही, तर त्रास वाढत जाणार, हे नक्की. म्हणून करायचे. तेवढा वेळ तू कुठे असशील, ते मला सांगता येत नाही, आपा. मी कुठे असेन, ते सांगतो. दाराबाहेर, बाकावर. तू बाहेर येईपर्यंत."

ती बराच वेळ वहीतल्या आकृतीकडे पाहत राहिली. "बस, एवढेच ऐकायचे होते," ती म्हणाली. "आता मुलीलाही सांग. तिला आपण सांगितले आहे, अम्मी लग्नाला जाणार म्हणून. तिला खोटे वाटते आहे. ती जेवत नाही."

दुसऱ्या दिवशी मी भाचीला जवळ घेऊन तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मामू, अम्मीचे हृदय कापल्यावर तिला मी आठवेन का?" मोठ्या माणसांच्या मनातही न आलेली भीती त्या लेकराच्या मनात होती. मी म्हणालो, "आठवशील. आठवण हृदयात नसते, डोक्यात असते. मेंदूला कुणी हातही लावणार नाही." तिने सुटकेचा श्वास टाकला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

जानेवारीत आम्ही पुण्याला निघालो. सुपे, शिरूर, शिक्रापूर. एकेक गाव मागे पडत होते. आपा खिडकीशी बसून उसाच्या बैलगाड्या पाहत होती. रुग्णालयात खर्चाची काळजी मिटली. आमची शिधापत्रिका केशरी होती, त्यामुळे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन मंजूर झाले. तिथल्या आरोग्यमित्राने कागदपत्रे भरून घेतली. मनाच्या काळजीसाठी मात्र कुठलाही अर्ज नव्हता.

ती मिटवली शेवगावकडच्या एका मावशींनी. तपासणीच्या रांगेत त्या आपाच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. साठीच्या घरातल्या, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी आपाकडे एकदा पाहिले. "घाबरू नको" असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारले, "भीती वाटती ना गं पोरी?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न आपाला कुणीच विचारला नव्हता. तिचे डोळे भरून आले. मावशींनी तिला रडू दिले. मग म्हणाल्या, "मलाबी लई वाटत हुती. माझं झालं त्याला चार वर्सं झाली. आता ऐक, मी सांगते तुला."

आणि त्यांनी जे सांगितले, ते माझ्या वहीत नव्हते. "शुद्धीवर येशील तेव्हा तोंडात नळी असंल. बोलता यायचं नाही. हात बांधलेले असतील. ते तुला तरास द्यायला नाही. झोपंत नळी ओढशील म्हणून. धडपडू नको. मनात आकडे मोज. नळी काढत्यात. तहान लई लागंल, पण पाणी लगेच देत नाहीत. खोकला येईल तवा छातीशी उशी घट्ट धर. आणि पहिल्यांदा उठून बसवतील ना, तवा वाटंल आता जीव जातो. जात नाही." मग त्यांनी पदर जरा बाजूला करून गळ्याखालची पुसट रेघ दाखवली. "ही बघ. एवढीच राहिली."

ऑपरेशनला पाच तास लागले. मी दाराबाहेरच्या बाकावर होतो. दुल्हाभाई एका जागी बसत नव्हते. ते जाऊन येऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत. आम्ही फारसे बोललो नाही. मला आठवले, लहानपणी मी आजारी पडलो, की आपा माझ्या उशाशी बसून राही. ती कधी काही समजावत नसे. फक्त बसून राही.

दुसऱ्या दिवशी मला अतिदक्षता विभागात दोन मिनिटे सोडले. आपाच्या तोंडात नळी होती, हात बांधलेले होते. मी माझे बोट तिच्या मुठीत दिले. तिने ते दाबले. पुढे तिने मला सांगितले, "जाग आली तेव्हा मी घाबरले. मग मावशी आठवल्या. म्हटले, त्यांनी सांगितले ते सगळे तसेच चालले आहे, म्हणजे ठीक चालले आहे. मी मोजत राहिले. किती वेळा शंभर झाले, कोण जाणे!"

दहाव्या दिवशी आपा आमच्या घरी आली. पहिला आठवडा घर पाहुण्यांनी भरलेले होते. आम्हाला वाटले, संकट संपले. तसे नव्हते. तीन आठवड्यांनंतर येणारी-जाणारी माणसे थांबली आणि आपा पुन्हा गप्प झाली. जखम भरत होती, तपासण्या ठीक होत्या, आणि ती मात्र विनाकारण रडू लागली. जेवण नको, बोलणे नको. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मोठ्या ऑपरेशननंतर पुष्कळांना असे होते. कमकुवतपणा किंवा नाटक समजू नका. बहुतेकांचे काही आठवड्यांत निवळते. निवळले नाही, तर घेऊन या. त्याच्यावरही उपचार आहेत."

मग मी नीट पाहू लागलो, की तिला काय खुपते आहे. हाड जुळेपर्यंत जड उचलायला मनाई होती. त्यामुळे पाण्याची कळशी नाही, बादली नाही. पण आम्ही तर तिला कशालाच हात लावू देत नव्हतो. "तू बस, तू काही करू नकोस," असे दिवसातून दहा वेळा म्हणत होतो. आयुष्यभर घर उचलून धरणाऱ्या बाईला आम्ही मायेनेच निरुपयोगी करून टाकले होते. डॉक्टरांना विचारून मी माझ्या पत्नीशी बोललो. दुसऱ्या दिवसापासून तिने आपासमोर मटाराचे ताट ठेवले. मग तांदूळ निवडणे आले. संध्याकाळी भाचीची उजळणी घेण्याचे काम आपाकडे आले. रोज मी शाळेतून आल्यावर आम्ही दोघे गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊ लागलो. आधी विजेच्या पहिल्या खांबापर्यंत, मग दुसऱ्या. एके दिवशी सातवा खांब आला, तेव्हा ती म्हणाली, "लहानपणी मी तुला इथपर्यंत कडेवर आणायचे. आता तू मला आणतोस."

रात्रीची गोष्ट वेगळी होती. आपाला धातूची झडप बसवली होती. प्राण्याच्या ऊतींपासून बनवलेल्या झडपाही असतात. पण त्या काही वर्षांनी झिजतात, म्हणून तिच्या वयाला धातूची झडप डॉक्टरांना योग्य वाटली होती. घरात सामसूम झाली, की ती झडप मिटण्याचा बारीक आवाज येई. टिक, टिक, टिक. आपाला झोप येईना. तो आवाज थांबला तर, या विचाराने ती तो मोजत जागी राही. भाचीने एकदा तिच्या छातीला कान लावला आणि टाळ्या वाजवून म्हणाली, "अम्मीच्या आत घड्याळ आहे!" आपा हसली नाही.

शेवटी मी शेवगावच्या मावशींना फोन लावून दिला. त्या पलीकडून मोठ्याने बोलत होत्या, म्हणून मलाही ऐकू आले. "अगं, वाजू दे की! आवाज येतो म्हंजी गाडी चालू हाय. मला तर आता तो ऐकल्याबिगर झोप लागत नाही." आपा क्षणभर थांबली आणि मोठ्याने हसली. छाती दुखली, तिने उशी धरली आणि पुन्हा हसली. त्या रात्रीनंतर तिची झोप हळूहळू सुधारत गेली.

अशी झडप असलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. नाहीतर झडपेवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. गोळी जास्त झाली, तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ठरावीक दिवसांनी 'आयएनआर' नावाची रक्ततपासणी करावी लागते. मनाने दुखण्याच्या गोळ्या घेता येत नाहीत. दात काढायचा असला, तरी आधी डॉक्टरांना विचारावे लागते. मेथी, पालक अशा पालेभाज्यांचा या गोळीवर परिणाम होतो. कुणीतरी आपाला सांगितले, की आता मेथी कायमची बंद. ती फारच हिरमुसली. मेथी-गोश्त तिच्या हातचेच खावे! डॉक्टर म्हणाले, "बंद कशाला? खा, पण एक आठवडा भरपूर आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असे करू नका. प्रमाण सारखे ठेवा." भाचीने भिंतीवर कागद लावला. रोज गोळी घेतली, की ती त्यावर एक फूल काढी. ती फुले आता कित्येक वह्यांत आहेत.

या साऱ्यात मला एक गोष्ट फार जाणवली. डॉक्टरांनी झडप बदलली, शिक्षक म्हणून मी माहिती दिली. पण आपाची भीती निम्मी केली ती फारसे शिक्षण नसलेल्या मावशींनी. कारण त्या त्याच वाटेने जाऊन परत आल्या होत्या.

याचे मला नवल वाटायला नको होते. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. खेड्यातल्या साध्या, पुष्कळशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांच्याच गावात आरोग्यसेविका म्हणून उभे केले. गावाने त्यांचे ऐकले, कारण त्या गावातल्याच होत्या. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याही आधी, १९५१ मध्ये, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात हृदयाचे ऑपरेशन झालेले चार रुग्ण एकत्र आले. डॉ. ड्वाइट हार्कन हे त्यांचे शल्यचिकित्सक होते. आपल्यासारख्या इतर रुग्णांना भेटून आधार द्यायचा, असे त्यांनी ठरवले. त्यातून 'मेंडेड हार्ट्स' ही संस्था उभी राहिली. मेंडेड हार्ट्स म्हणजे सांधलेली हृदये. बोस्टन कुठे आणि शेवगाव कुठे; पण दोन्हीकडे माणसाला कळले ते एकच.

मुलांनो, तुमच्या घरात, शेजारी, कधीतरी असा प्रसंग येईल. तेव्हा लगेच "काही होणार नाही" म्हणू नका. आधी त्या माणसाचे ऐकून घ्या. त्याला जे जाणून घ्यायचे आहे, ते खरे खरे सांगा. ठाऊक नसेल, तर डॉक्टरांना विचारून सांगा. दुसऱ्याच्या मरणाच्या कहाण्या त्याच्यापुढे काढू नका. आणि तो घरी परतल्यावर, पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर, त्याच्याकडे जायला विसरू नका. खरी गरज तेव्हाच असते. तुमचा स्वतःचा घसा दुखून ताप आला किंवा सांधे सुजले, तर ते घरात लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. हे मी आता दरवर्षी हृदयाची आकृती काढताना सांगतो. त्या दिवशी पुढच्या धड्याकडे वळायची मला घाई नसते.

आपाच्या ऑपरेशनला आता काही वर्षे झाली. ती सोळा पायऱ्या एका दमात चढते. ईदच्या त्या कपड्यांची दुमड तिने स्वतःच्या हाताने उसवली. भाची आता तिच्यापेक्षा उंच झाली आहे. तपासणीसाठी आपा पुण्याला जाते, तेव्हा तिचा नंबर लवकर लागला, तरी ती लगेच निघत नाही. बाकावर कुणी गप्प बसलेले दिसले, की शेजारी जाऊन बसते. मागच्या खेपेला मी तिच्याबरोबर होतो. एक तरुण बाई फाइल छातीशी धरून बसली होती. तिचा भाऊ तिला सांगत होता, "ताई, काही होणार नाही."

आपाने माझ्याकडे पाहिले. मग ती उठून त्या बाईजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "भीती वाटते ना?"